कावडीचा तोल

रामकिंकर बैज यांच्या ‘संथाळ कुटुंब’ या शिल्पाविषयी मराठीत लिहायला घेतले की पहिली अडचण उभी राहते ती नावाची. ‘कुटुंब’ हा शब्द या शिल्पाला पुरत नाही. कुटुंब म्हटले की डोळ्यांपुढे येते ते घर, त्याचा उंबरठा आणि उंबरठ्याच्या आत वावरणारी माणसे. रामकिंकरांची माणसे रस्त्यावर आहेत, आणि त्या घटकेला त्यांना घर नाही. या अवस्थेला आपल्या भाषेत एक नेमका शब्द आहे : बिऱ्हाड. बिऱ्हाड म्हणजे नुसती माणसे नव्हेत, की नुसते सामानही नव्हे. दोन्ही मिळून जे एक होते ते बिऱ्हाड. ते करता येते, थाटता येते, हलवता येते, आणि विंचवासारखे पाठीवरही वागवता येते. घर सोडावे लागते; बिऱ्हाड बरोबर येते. हा शब्द तोंडी असल्यामुळे मराठी माणसाला हे शिल्प थोडे अधिक जवळून दिसत असावे, आणि ज्यांच्या दोन-तीन पिढ्या महाराष्ट्राबाहेर गेल्या अशा आपल्यासारख्यांना तर विशेषच, असा माझा समज आहे. समज असा म्हणालो, कारण जिव्हाळा हा समीक्षेत पुरावा मानला जात नाही. तो पुरावा कितपत होऊ शकतो, हेच येथे पाहावयाचे आहे.

शिल्पाची हकीगत थोडक्यात सांगतो. रामकिंकरांचा जन्म १९०६ सालचा, बंगालमधील बांकुडा येथला, घराणे नाभिकाचे. ‘प्रवासी’ आणि ‘मॉडर्न रिव्ह्यू’ या मासिकांचे संपादक रामानंद चटर्जी यांच्या प्रयत्नाने ते १९२५ साली शांतिनिकेतनात आले, नंदलाल बसूंच्या हाताखाली कलाभवनात शिकले, तेथेच शिकवू लागले आणि १९८० साली निवर्तले. १९३८ साली त्यांनी कलाभवनाच्या आवारात, उघड्यावर, जागच्या जागी हे शिल्प उभे केले. माणसाहून मोठ्या आकाराचा एक संथाळ पुरुष. खांद्यावर काठी, काठीच्या दोन टोकांना टोपल्या, आणि टोपलीत मूल. शेजारून चालणारी त्याची बायको, तिच्या डोक्यावर ओझे. बरोबर कुत्रा. एवढेच. भारतातील पहिले आधुनिक सार्वजनिक शिल्प म्हणून त्याचा निर्देश होतो, आणि २०२३ साली शांतिनिकेतनाची गणना जागतिक वारसास्थळांत झाली. या बिरुदांचा शिल्प पाहताना फारसा उपयोग होत नाही. उपयोग होतो तो चौथऱ्याच्या बुटकेपणाचा. पुतळा म्हटला की मान वर करून पाहण्याची आपल्याला सवय असते. येथे ही माणसे आपण ज्या जमिनीवर उभे आहोत तिच्यावरूनच जवळजवळ चालत असतात. वाट आपण अडवली आहे, बाजूला झाले पाहिजे, असे क्षणभर वाटते.

ते घडले कशाचे हेही पाहण्याजोगे आहे. संगमरवर नाही, कांसे नाही, लाकूड नाही. लोखंडी सळ्यांचा सांगाडा, आणि त्यावर सिमेंटमध्ये कालवलेली तांबड्या दगडाची खडी. बीरभूम जिल्ह्यातली ही खडी म्हणजे कोकणातल्या माणसाला सांगायचे तर जांभाच. रामकिंकर हा माल सांगाड्यावर अक्षरशः फेकत, आणि तो आवळत आला की छिन्नीने काढीत, तासत. मातीची मूर्ती घडवताना हात भर घालत जातो. दगडाची कोरताना काढत जातो. या माणसाने दोन्ही क्रिया एकाच पदार्थावर केल्या. त्यामुळे शिल्पाच्या अंगावर गुळगुळीत अशी जागा शोधून सापडावयाची नाही. ज्या मातीवरून ही माणसे चालली आहेत, तिच्याच खड्यांची त्यांची कातडी आहे. सिमेंट हा स्वस्ताचा पर्याय होता हे उघड आहे; पण स्वस्ताचा पर्याय आणि योग्य पर्याय कधी कधी एकच असतो. आपल्याकडे विनायकराव करमरकरांनी सासवण्याच्या आपल्या घरी-अंगणी सिमेंटची शिल्पे केली आहेत. तीही पाहावीत. मात्र करमरकर सिमेंटकडून सफाई काढून घेतात, तर रामकिंकर त्याला सफाईचे नावही काढू देत नाहीत.

मराठी रसिकाला चालत्या माणसाचे शिल्प म्हटले की आठवते ते गणपतराव म्हात्रे यांचे ‘मंदिरपथगामिनी’. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, ऐन विशीत, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत म्हात्र्यांनी ही प्लॅस्टरची मूर्ती केली : हातात पूजेचे साहित्य घेऊन देवळाकडे निघालेली लुगड्यातली तरुणी. तिने त्या काळी केवढे नाव मिळवले हे सांगायला नकोच. खुद्द रवींद्रनाथांनी तिच्यावर बंगालीत लेख लिहून या अनोळखी मराठी तरुणाचे कौतुक केले होते. त्याच रवींद्रनाथांच्या अंगणात पुढे चाळीसेक वर्षांनी संथाळांचे हे बिऱ्हाड चालू लागले. या दोन पावलांची तुलना मनात केल्यावाचून मला राहवत नाही. म्हात्र्यांच्या तरुणीचे पाऊल पुढे पडले आहे, पण ती चालत आहे असे मात्र वाटत नाही. पाऊल टाकताना लुगड्याच्या चुण्या कशा पडतात, देहाचा कल कसा होतो, हे दाखवण्यापुरती ती थबकली आहे. तिला उशीर होणार नाही. देऊळ जवळ आहे आणि घरही जवळ आहे. चालणे हा तिचा डौल आहे. संथाळांच्या चालण्याला डौल नाही असे नाही. पण तो ओझ्याने आणलेला डौल आहे. डोक्यावर भार घेऊन चालणारी बाई मान ताठ ठेवते ती सौंदर्यासाठी नव्हे. मान वाकली तर भार पडेल म्हणून. ही ताठ मान पाहून तिचे वैभव गाणारे पुष्कळ असतात. रामकिंकर ते गात नाहीत. ते तिच्या डोक्यावर ओझे ठेवतात आणि मानेचे काम मानेवर सोपवतात.

आता कावडीकडे येतो, कारण माझ्या दृष्टीने या शिल्पाचा जीव तेथे आहे. बंगालीत या काठीला बाँक म्हणतात, हिंदीत बहंगी. आपण कावड म्हणतो. आणि कावड म्हटल्याबरोबर आपल्या मनात दोन चित्रे उभी राहतात. एक श्रावणबाळाचे : आंधळ्या आईबापांना दोन पारड्यांत बसवून तीर्थयात्रेला निघालेला मुलगा. दुसरे नाथांचे : काशीहून रामेश्वराला न्यावयाचे गंगोदक वाटेत तहानेल्या गाढवाच्या मुखी घालणारे एकनाथ. दोन्ही कावडी पुण्याच्या आहेत. दोन्हींत वाहणारा माणूस मोठा ठरतो, आणि वाहिले जाणारे, मग ते आईबाप असोत की पाणी, त्याच्या मोठेपणाचे निमित्त होतात. रामकिंकरांच्या कावडीत पुण्य नाही. येथे मुलगा बापाला वाहत नाही, बाप मुलाला वाहतो. आणि त्याबद्दल त्याला कोणी आदर्श पिता म्हणणार नाही. मूल अजून एवढे चालू शकत नाही, म्हणून ते टोपलीत आहे. कारण इतके साधे आहे. श्रावणबाळाची गोष्ट मागच्या पिढीचे ऋण सांगते. ही कावड पुढच्या पिढीला एका गावाहून दुसऱ्या गावी नुसती पोहोचवते आहे.

कावडीचा नियम असा की दोन्ही टोके तोलाची हवीत. एकीकडे मूल असेल तर दुसरीकडे मुलाइतके काहीतरी हवेच. नाहीतर काठी खांद्यावरून सरकते. ‘समतोल’ हा शब्द मराठी समीक्षेत रूढ केला तो मर्ढेकरांनी. संवाद, विरोध आणि समतोल या तीन लयींवर त्यांनी सौंदर्याचा सिद्धांत उभारला. त्यांचे ‘सौंदर्य आणि साहित्य’ १९५५ साली निघाले आणि पुढच्याच वर्षी ते गेले. कलाकृतीतली संवेदनांची रचना हीच सौंदर्याची जागा. तिच्यामुळे आपल्याला आपले आयुष्य आठवते की नाही, आपण गहिवरतो की नाही, हा कलेच्या दृष्टीने गैरलागू प्रश्न, अशी ती विचारसरणी आहे. प्रा. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी अशा दोन भूमिकांची जी चिकित्सा केली, तीत पहिल्या बाजूला ती पडते. तिचा मला आदर आहे. मराठी रसिकतेला लागलेली गहिवराची सवय मोडायला त्या काळी कोणीतरी कठोर होणे जरूर होते. पण ‘संथाळ कुटुंबा’समोर हा सिद्धांत घेऊन उभे राहिले की तो कोठे अडतो ते दिसते.

रचनेच्या दृष्टीने पाहा. एक आडवी रेषा, दोन टोकांना दोन घन, आणि त्यांना तोलणारा उभा देह. मर्ढेकरांच्या समतोलाचे याहून स्वच्छ उदाहरण शोधावे लागेल. परंतु हा समतोल डोळ्यांना ‘दिसतो’ तो केवळ आकार सारखे आहेत म्हणून नव्हे. एका बाजूला जिवंत मूल आहे आणि दुसऱ्या बाजूला त्याला तोलणारे ओझे आहे, हे कळल्यावाचून त्या तोलातला ताण कळत नाही. आणि वजन ही गोष्ट डोळ्याला कळत नाही, खांद्याला कळते. ज्याने जन्मात काही वाहिले आहे, निदान दोन हातांत दोन बादल्या घेऊन जिना चढला आहे, त्याचा खांदा शिल्प पाहताना नकळत सरसावतो. म्हणजे लौकिक अनुभव येथे सौंदर्यानुभवात दारातून पाहुण्यासारखा येत नाही. तो आतच राहणारा आहे. तो बाहेर काढला तर उरते ती भूमितीतली आकृती, आणि तिच्यासाठी कोणी बोलपूरपर्यंत जाणार नाही.

याच्याही पुढची एक गोष्ट आहे. हा तोल आजच्यापुरता आहे. मूल वाढणार. पुढल्या हंगामात ते आणखी जड होईल, म्हणजे दुसऱ्या टोकालाही भर घालावी लागेल; मग एके दिवशी ते टोपलीत मावणारच नाही, उतरून चालू लागेल, आणि कावडीचे हे टोक रिकामे होईल. एवढा सगळा काळ त्या काठीवर लोंबतो आहे. काँक्रीटची वस्तू याहून अधिक काय धरून ठेवणार?

येथे मला थोडे घरचे सांगणे भाग आहे. आमचे आजोबा बंगाल-नागपूर रेल्वेत लागले आणि वडील पुढे त्याच मार्गावर, दक्षिण-पूर्व रेल्वे झाल्यावर, नोकरीत होते. गोंदिया, बिलासपूर, चक्रधरपूर, खरगपूर ही आमच्या घराण्याची गावे. मूळ गाव लग्नपत्रिकेत छापण्यापुरते. दर तीन-चार वर्षांनी बदली होई. बिऱ्हाड हलवण्याचे सगळे शास्त्र आईच्या हाती असे. पाटा-वरवंटा गोणपाटात, पितळी डबे एकात एक, देवांची पेटी मांडीवर, ती सामानात कधीच जायची नाही. आणि फलाटावर सामान उतरले की आई ते मोजायची. मोजणी ट्रंकांपासून सुरू होई आणि आम्हा भावंडांवर संपे. “चौदा नग आणि तुम्ही तिघं, सतरा,” असे म्हणून ती हमालाला चल म्हणायची. धाकट्या बहिणीला याचा फार राग येई. मी काय ट्रंक आहे का, असे ती विचारी, आणि आई म्हणे, “ट्रंक हरवली तर दुसरी घेता येते गं, म्हणून तुला शेवटी मोजते.”

‘संथाळ कुटुंबा’तले टोपलीतले मूल पाहताना मला हा हिशेब आठवतो, हे लपवण्यात अर्थ नाही. परंतु आठवतो म्हणून ते शिल्प मला आवडते, असा संबंध लावणे अपुरे होईल. आठवण करून देणाऱ्या वस्तू पुष्कळ असतात. गाडीचे जुने तिकीटही आठवण करून देते. शिल्प त्या आठवणीला एक आकार देते, जो तिला पूर्वी नव्हता. सामानात मोजले जाणे आणि जिवापाड जपले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे आपण धरून चालतो. कावडीत त्या एकाच काठीला बांधलेल्या आहेत. मुलाचे वजन ओझ्याइतके धरले आहे म्हणून मूल बरोबर आहे. बापाच्या मायेचा उच्चार रामकिंकरांनी कोठेही केलेला नाही. तो मुलाकडे वळून पाहत नाही, हसत नाही, त्याला गोंजारत नाही. ते सगळे त्यांनी काठीच्या तोलावर सोडले आहे. भावनेचा एवढा संयम मी मराठी कथेतही क्वचित पाहिला आहे.

मात्र हा जवळिकीचा धागा फार ताणू नये. आमची बदली आणि संथाळांचे स्थलांतर एका मापाने मोजणे सभ्यपणाचे होणार नाही. आमच्यामागे पास होता, क्वार्टर होते, प्रॉव्हिडंट फंड होता. संथाळांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात राजमहालच्या डोंगरपायथ्याची जंगले तोडून शेते केली. ती सावकार-जमीनदारांच्या घशात जाऊ लागली तेव्हा १८५५ साली सिधू-कान्हूंच्या मागे ते उठले आणि इंग्रजांच्या बंदुकांपुढे हजारोंनी पडले. त्यानंतर कोणी आसामच्या चहामळ्यांत गेले, कोणी हंगामापुरते बर्दवानकडच्या भातशेतीवर लावणी-कापणीला उतरू लागले. त्या वाटांवरचे हे बिऱ्हाड आहे. मूळ गाव लग्नपत्रिकेत छापण्याची चैन त्याला नाही. शिल्पापुढे उभे राहून ‘हे तर आमचेच’ असे म्हणणे सोपे आहे, आणि शिल्प ते म्हणू देत नाही. ही माणसे आकाराने आपल्याहून मोठी आहेत, आपल्याशी नजर मिळवत नाहीत, आपल्या दिशेने येतात आणि आपल्याला ओलांडून जातात. त्यांना आपल्या सहानुभूतीची वाट पाहायला सवड नाही. शांतिनिकेतनच्या आसपासच्या संथाळ पाड्यांतून अशी माणसे रोज कामाला येत-जात. रामकिंकरांनी त्यांना पाहिले ते शेजारी म्हणून, आणि स्वतःही ते काही भद्र घरातून आलेले नव्हते. निसर्गाची निष्पाप लेकरे म्हणून आदिवासींची जी चित्रे त्या काळी निघत, आणि अजूनही दिवाळी अंकांवर निघतात, त्यांच्याशी या शिल्पाचे नाते नाही.

महाराष्ट्राबाहेर राहून आपण जे लिहितो त्याविषयी या निमित्ताने एक तक्रार नोंदवावीशी वाटते. आपल्या लेखनात मागे वळून पाहणे फार आहे. कोकणातले परसू, नदीकाठचा घाट, आजीच्या हातची चव. हे खोटे असते असे मी म्हणत नाही. पण त्यात जाणे कमी आणि सोडणे अधिक असते. गेल्यावर काय झाले, कोणत्या भाषेत भाजी घेतली, मुलांना कोणती शिवी आधी आली, शेजारणीने चिंचगुळाच्या आमटीला काय नाव ठेवले, हे आपण लिहीत नाही. कारण ते लिहायला गावाचा विरह पुरत नाही, नव्या गावाकडे टक लावून पाहावे लागते. ‘संथाळ कुटुंबा’त मागचे गाव नाही आणि पुढचेही नाही. आहे ते अंगावरचे सामान आणि पायाखालची जमीन. शिल्पाच्या मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले म्हणजे हे विशेष जाणवते. समोरून त्यांचा आवेग दिसतो. मागून नुसत्या पाठी दिसतात आणि ओझी. आपण मागे राहिलेल्या गावाच्या जागी उभे असतो, आणि ती माणसे आपल्याकडे पाठ करून चाललेली असतात. स्मरणरंजनाला इतके निरुपयोगी असे दुसरे शिल्प माझ्या पाहण्यात नाही.

रामकिंकरांनी १९५६ साली याच आवारात दुसरे एक चालणारे, किंबहुना धावणारे शिल्प केले : ‘कलेर बाँशी’, म्हणजे गिरणीचा भोंगा. भोंगा ऐकून भातगिरणीकडे धावत सुटलेल्या दोन संथाळ बाया, धावता धावताच वाऱ्यावर वाळणारी त्यांची वस्त्रे, आणि मागे एक पोर. वेगाच्या दृष्टीने ते अधिक थरारक आहे, आणि तरुण शिल्पकारांना तेच अधिक आवडते. मला पहिलेच आवडते. धावणाऱ्या बायांना भोंग्याने ओढले आहे. कावड घेतलेल्या माणसाला कोणी ओढीत नाही. त्याची चाल ओझ्याच्या लयीने ठरलेली आहे. कावड वाहणारा सावकाश चालू शकत नाही, कारण काठी लवते आणि तिच्या लवण्याबरोबर पाऊल टाकावे लागते. आणि धावूही शकत नाही, कारण टोपलीत मूल आहे. या दोन अशक्यतांमधली जी एकच चाल उरते, ती रामकिंकरांनी अचूक धरली आहे.

कुत्र्याविषयी लिहायचे राहिले. शिल्पावर लिहिणारे त्याचा उल्लेख करतात आणि पुढे जातात. सगळ्या मेळ्यात अंगावर ओझे नसलेला तोच एक. तोलाच्या हिशेबात तो कोठेच धरलेला नाही. काढला तर कावड ढळणार नाही. तरी शिल्पकाराने त्याच्यासाठी सळ्या वाकवल्या, खडी कालवली, त्याला चौथऱ्यावर जागा दिली. आमच्या बदल्यांत क्वार्टरचे कुत्रे क्वार्टरलाच राहत. गाडीच्या डब्यात त्यांना नेण्याची पद्धत आमच्याकडे नव्हती, आणि आईच्या मोजणीत ते कधी आले नाहीत. बिलासपूरचा एक फलाट संपेपर्यंत गाडीबरोबर धावला होता. संथाळांचे बिऱ्हाड पायी चालले आहे, त्यामुळे त्यांचा कुत्रा बरोबर येऊ शकतो.